भाकरीचा हिशेब कुठल्या वहीत?

पहाटे साडेचारला उठायचं, भाकऱ्या थापायच्या, मुलांचे डबे भरायचे, म्हशीला वैरण टाकायची आणि साडेदहाला वही घेऊन वर्गात जाऊन बसायचं. तीन वर्षं माझा हा क्रम होता. आमच्या अणदूरचा खंडोबा वर्षातला काही काळ इथं आणि काही काळ नळदुर्गला नांदतो. "आमची सूनबी तशीच, दोन घरची," असं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारणींना सांगत. कौतुकानं की रागानं, ते मी कधी विचारलं नाही.

अणदूर हे तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं मोठं गाव. बारावी झाली आणि माझं लग्न झालं. धाकटा शाळेत जाऊ लागल्यावर मी गावातच बी.ए.ला नाव घातलं. "मराठी घे, सोपं जाईल," असं सगळ्यांनी सुचवलं. मी अर्थशास्त्र घेतलं. महिनाअखेरीला पैसा जातो कुठं, हे ज्यात कळेल असा विषय मला हवा होता!

आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "भाकरी कशी फुगवायची ते लिवलंय का गं ह्यात?"

सुरुवातीला फार अवघड वाटलं. आलेखाच्या रेषा डोळ्यांपुढं नाचत. मग रॉबिन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाची १९३२ सालची व्याख्या आली. गरजा पुष्कळ, साधनं मोजकी आणि त्या साधनांचे उपयोग अनेक. त्यातून माणूस निवड कशी करतो, याचा अभ्यास म्हणजे अर्थशास्त्र. मी मनात म्हटलं, अगंबाई, हे तर आपलं रोजचंच! दूध एक लिटर. त्यात चहा, मुलांचा पेला, विरजण आणि पाहुणा आला तर त्याचाही कप. मैत्रिणींनो, आपण सगळ्याच जणी न शिकता या विषयाच्या विद्यार्थिनी आहोत.

पण पुढं एक धडा आला आणि मी थबकले. प्राध्यापक पिगू यांनी दिलेलं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. एखाद्या गृहस्थानं पगारावर ठेवलेल्या आपल्या घरकाम करणाऱ्या बाईशीच लग्न केलं, तर राष्ट्रीय उत्पन्न कमी होतं. बाई तीच, स्वयंपाक तोच. पण पगार थांबला, म्हणून काम हिशेबातून गळालं! वर्गातली मुलं हसली. मला काही हसू आलं नाही.

शेतीच्या धड्यात मात्र वेगळंच वाचायला मिळालं. कृषी खर्च व मूल्य आयोग पिकाचा उत्पादनखर्च काढतो, तेव्हा एका हिशेबात घरच्या माणसांच्या श्रमाचीही किंमत धरली जाते. म्हणजे मी सोयाबीन खुरपलं तर ते काम. खुरपणाऱ्यांसाठी भाकऱ्या बडवल्या तर ते मात्र काहीच नाही. असं का, ते मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "बाई, हा प्रश्न तुमच्या एकटीचा नाही. अर्थशास्त्रही त्याच्याशी झगडतं आहे."

आमच्या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे. १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ मध्ये झाला. बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते, हे मला वर्गात बसल्यावरच नीट कळलं. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१५ मध्ये एम.ए. झाले. पुढं लंडनला शिकत असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये परतावं लागलं. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत झाली आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. पदवी मिळवली.

हे वाचताना मला सारखी रमाबाई आठवत होती. नवरा दूरदेशी शिकतोय आणि मुंबईत ती तुटपुंज्या पैशांत संसार ओढतेय. त्या काटकसरीची नोंद कुठल्या पदवीपत्रावर असते?

शेवटच्या वर्षी, परीक्षा दोन महिन्यांवर असताना आत्याबाई अंगणात घसरल्या. उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. घरात बोलणी झाली. "यंदा परीक्षा राहू दे," हे म्हणाले. रागानं नाही, अगदी समजुतीनं. म्हणूनच नाही म्हणणं कठीण होतं.

मी वाद घातला नाही. आठ दिवस वहीत फक्त वेळ लिहीत गेले. स्वयंपाक चार तास. धुणीभांडी आणि पाणी अडीच तास. गोठा एक तास. मुलांचं एक तास. एकूण साडेआठ. शेतातलं काम वेगळंच. नवव्या दिवशी वही ह्यांच्या पुढं ठेवली. त्यांनी दोनदा वाचली. "मला वाटायचं, तुझ्या कॉलेजमुळं घर मागं पडतंय," एवढंच बोलले.

प्लास्टरातला हात मांडीवर घेऊन आत्याबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "हात मोडला तवा दिसलं ना, ह्यो हात कुठं कुठं लागत होता ते? पोरी, माझं बी लिव त्यात. पन्नास वर्षांचं."

त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. दोन पानं भरली.

दुसऱ्या दिवसापासून गोठा आणि पाणी ह्यांच्याकडं गेलं. परीक्षेच्या दिवसांत जाऊबाईंनी भाकऱ्या सांभाळल्या. सांख्यिकीचा पेपर मात्र राहिला. तो पुढच्या खेपेला सुटला. पदवी हातात आली तेव्हा आत्याबाईंनी ती आधी देवापुढं ठेवली.

ही गोष्ट एका घराची नाही. देशभरात २०२४ साली झालेल्या सरकारी वेळवापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, असं दिसलं. हातभार लावणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं.

म्हणून एक सुचवते. घरखर्चाची वही तुम्ही ठेवतच असाल. त्यातच आठ दिवस आणखी एक रकाना आखा: कोणतं काम, कुणी, किती वेळ. तेच काम बाहेरून करवून घेतलं तर काय पडेल, तेही शेजारी लिहा. भांडणासाठी नव्हे हं! घरातल्या सगळ्यांनी एकदा वाचावं म्हणून. आणि शिक्षण अर्धवट राहिलं असेल, रोज कॉलेजला जाणं जमत नसेल, तर १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची चौकशी करा. घर सांभाळून शिकता येतं.

आत्याबाईंची ती दोन पानं मी वहीतून फाडलेली नाहीत. वाणसामानाच्या यादीशेजारीच आहेत.