रंग न लावता उमटलेली वीज

व्हेनिसच्या सेंट मार्क चौकाला लागून, पाण्याच्या बाजूला पिअझेट्टा नावाचा छोटा चौक आहे. इंग्लिश चित्रकार टर्नर यांच्या एका जलरंगचित्रात त्यावर वादळी आभाळातून वीज चमकते आणि इमारती उजळून निघतात. गंमत म्हणजे, ती वीज पांढऱ्या रंगाने काढलेली नाहीच! टर्नर यांनी वरचा रंग खरवडून खालचा कागद उघडा केला.

जलरंगाचं मर्म ते हेच. रंगद्रव्याची बारीक पूड बाभळीच्या कुळातल्या झाडाच्या डिंकात मिसळलेली असते. पाणी उडून गेलं की कागदावर पातळ, पारदर्शक थर उरतो. प्रकाश त्यातून आरपार जातो, पांढऱ्या कागदावरून परततो आणि रंग घेऊन डोळ्यांपर्यंत येतो.

थर पातळ, म्हणून नाजूकही. प्रकाशामुळे काही रंगद्रव्यांचे रेणू मोडतात आणि रंग उडतो. हवा आणि ओलावा यांचाही त्यात हात असतो, हे शास्त्रज्ञ रसेल आणि अ‍ॅबनी यांनी १८८८च्या अहवालात मांडलं. त्यांच्या प्रयोगांत निर्वात नळीत ठेवलेले बहुतेक रंग टिकले होते.

टर्नर यांचं ते विजेचं चित्र संग्राहक हेन्री व्हॉन यांच्या मृत्युपत्रानुसार १९००मध्ये एडिनबरोच्या नॅशनल गॅलरीला मिळालं. अट अशी, की ते फक्त जानेवारीत, मोफत दाखवायचं. कारण तेव्हा तिथला उजेड मंद असतो. आज संग्रहालयं अशा चित्रांवर साधारण ५० लक्सच (लक्स हे प्रकाश मोजण्याचं एकक) प्रकाश पाडतात. भर उन्हात हा आकडा लाखाच्या घरात जातो. घरातलं जलरंगचित्रही खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नये, ते यासाठीच.