पेशींचे निरोप (भाग ७) : कुपीतला अर्धा रिसेप्टर

मागच्या आठवड्यात आपण ईजीएफ हा वाढीचा निरोप पाहिला. स्टॅन्ले कोहेन यांनी उंदरांच्या लाळग्रंथींचा अर्क नवजात पिलांना टोचला, तेव्हा पिलांचे डोळे वेळेआधीच उघडले. त्या अर्कातून हे इवलेसे प्रथिन हाती आले आणि १९८६ मध्ये कोहेन व रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना नोबेल मिळाले. हा निरोप पेशीच्या पृष्ठभागावर जो झेलतो, तो रिसेप्टर म्हणजे ईजीएफआर. संशोधकांना तो आज पांढऱ्या भुकटीच्या रूपात, कुपीत विकत मिळतो. मात्र बहुतेक कुप्यांत तो अर्धाच असतो.

कारण त्याच्या रचनेत आहे. पूर्ण ईजीएफआर ११८६ अमिनो आम्लांचा. पहिली ६२१ पेशीबाहेर असतात आणि निरोप पकडतात. त्यानंतरचा छोटा पट्टा पेशीपटलातून आरपार जातो आणि उरलेला भाग आत राहून पुढची साखळी चालू करतो. पटलातला पट्टा तेलकट प्रकृतीचा असल्याने पूर्ण रिसेप्टर नुसत्या पाण्यात ठेवला, की त्याच्या गुठळ्या होतात. म्हणून जनुकाचा फक्त बाहेरच्या भागापुरता तुकडा घेतात आणि त्याच्या टोकाला सहा हिस्टिडिन जोडतात.

हे जनुक बहुधा एचईके-२९३ या मानवी पेशींत घालतात. जिवाणूंत काम स्वस्तात झाले असते. पण या प्रथिनातले असंख्य गंधक-बंध तिथे नीट जुळणे कठीण, आणि त्यावर चढणाऱ्या शर्करेच्या साखळ्या नेहमीचे जिवाणू चढवतच नाहीत. मानवी पेशी तयार प्रथिन बाहेरच्या द्रवात सोडतात. तो द्रव निकेलच्या स्तंभातून सोडला, की हिस्टिडिनचे शेपूट निकेलला चिकटते आणि बाकीचे वाहून जाते. मग इमिडॅझोलचे द्रावण ओतून प्रथिन सोडवून घेतात.

शुद्धता तपासायला नमुना जेलवर चालवतात. हिशेबाने वजन ७० किलोडाल्टनच्या आत भरायला हवे, पण पट्टा दिसतो १००च्या आसपास. नवखा विद्यार्थी इथे घाबरतो. शर्करा तोडणारे विकर घालून तोच नमुना पुन्हा चालवला, की पट्टा खाली सरकतो आणि फरक कशाचा होता ते कळते.

हा अर्धा भाग मोलाचा आहे. आतड्याच्या कर्करोगावरचे सेटुक्सिमॅब हे प्रतिपिंड याच बाहेरच्या भागाला धरते. त्यामुळे नवे प्रतिपिंड किती घट्ट बसते, हे या कुपीवरून उत्तम मोजता येते. गेफिटिनिब मात्र आतल्या भागात बसणारे औषध. त्याची परीक्षा या कुपीवर होऊच शकत नाही. शिवाय ईजीएफची पकड या सुट्या तुकड्यावर बरीच सैल असते. पेशीवर दोन रिसेप्टर जवळ येऊन जोडी जमवतात, त्यात पटलाचा आणि आतल्या भागाचाही हात असतो. म्हणून इथे मोजलेला आकडा जिवंत पेशीला जसाच्या तसा लावू नये.

कुपी मागवण्याआधी सोबतच्या माहितीपत्रकात तीन गोष्टी जरूर वाचाव्यात: कितव्या अमिनो आम्लापासून कितव्यापर्यंतचा तुकडा आहे, तो कोणत्या पेशीत बनला आणि शेपूट कोणत्या टोकाला आहे. आपला प्रश्न या प्रथिनाला विचारण्याजोगा आहे का, ते तिथेच ठरते.

पुढच्या आठवड्यात : पेशीच्या आतला अर्धा भाग आणि त्याला अडवणारी औषधे.