माळावरच्या कुत्र्याचे नाक

कार्तिक उलटून करमाळ्याच्या माळावरचे कुसळी गवत पिवळे पडले, म्हणजे मेंढरांमागे दिवसभर नाक भुईला लावून फिरणाऱ्या राखणीच्या कुत्र्यावर जे संकट ओढवते, त्याची दखल त्याचा धनी बहुधा रक्त दिसेपर्यंत घेत नाही. १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य म्हणून राखलेल्या मुलखातला हा माळ. गवत हेच त्याचे वैभव, आणि कुसळ हा त्या गवताचा काटा.

हे कुसळ एकदा तळहातावर घेऊन पाहावे. टोक सुईसारखे, त्यावर मागे वळलेले ताठ केस, आणि शेवटी काळसर पिळदार शेपूट. त्यावर पाण्याचा थेंब सोडताच ते पीळ उलगडीत सावकाश फिरू लागते. बी जमिनीत रुजावे म्हणून निसर्गाने केलेली ही तजवीज नाकपुडीतल्या ओलाव्यातही तितक्याच इमानाने चालते, आणि केसांचा रोख मागे असल्याने कुसळ पुढेच सरकते, माघारी फिरत नाही.

म्हणून कुत्रे सांजच्याला वस्तीवर आले, की जुन्या धोतराचा मऊ तुकडा कोमट पाण्यात भिजवून पिळावा, एका हाताने त्याची हनुवटी अलगद उचलावी, आणि नाकाचा शेंडा व पुड्यांच्या बाजूच्या चिरा हलकेच टिपून घ्याव्यात. उच्छ्वास या चिरांतून बाहेर पडतो, त्यामुळे समोरचा गंध विस्कटत नाही; तेव्हा तेथे धुळीचा थर साचू देणे बरे नव्हे. खपली धरली असल्यास ओरबाडू नये. ओले फडके मिनिटभर तसेच धरावे, ती आपण होऊन सुटते. साबण लावू नये. कापसाची काडी, चिमटा वा तेल नाकपुडीच्या आत मुळीच घालू नये, आणि माणसांच्या सर्दीवरचे नाकात सोडायचे थेंब तर कुत्र्याला विषासमान.

नाक ओलसर आहे म्हणून ते पुसून लख्ख कोरडे करण्याची हौसही आवरावी. तो ओलावा गंधाचे कण धरून ठेवतो. माणसाच्या नाकात गंधग्राही पेशी ५०-६० लाख, तर कुत्र्याच्या नाकात त्या जातीपरत्वे २०-३० कोटींपर्यंत. अशा इंद्रियाची हिफाजत करताना आपला हात बाहेरच थांबला पाहिजे.

एकाच नाकपुडीतून रक्त, एकाएकी शिंकांवर शिंका, पंजाने नाक घासणे, ही कुसळाची खूण होय. दोन्ही पुड्यांतून घट्ट पिवळा शेंबूड, डोळ्यांना चिपडे, ताप आणि अन्नावरची वासना उडालेली असेल, तर लस न टोचलेल्या पिलास डिस्टेंपर झाल्याची शंका घ्यावी. दोन्ही प्रसंगी घरगुती इलाजात दिवस न दवडता गुरांचा दवाखाना गाठावा.

माझ्या एका आप्ताच्या वस्तीवरील कुत्री अशीच दोन दिवस शिंकत होती, आणि धुळीनेच असेल म्हणून आम्ही स्वस्थ बसलो, याची मला आजही खंत वाटते. पशुवैद्यांनी तिला गुंगी देऊन नाकातून कुसळ काढले व पांढऱ्या तबकात ठेवले, तेव्हा ते ओले, सरळ होते. कुत्री शुद्धीवर येईतो ते वाळून पुन्हा पीळ घेऊ लागले होते.