एका बैठकीत नाताळ

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कोल्हापुरातली घरं भरतात. पुण्या-बंगळुरात नोकरीला असलेली पोरं सुट्टीला येतात आणि चार दिवसांत परततात. रोल-प्लेइंग गेमची लांब मोहीम महिनोन्‌महिने चालते, ती एवढ्या दिवसांत मावत नाही. मावतो तो एका रात्रीत सुरू होऊन त्याच रात्री संपणारा डाव. खेळणारे त्याला ‘वन-शॉट’ म्हणतात. त्याला पाच-सहा माणसं, चार तास, कागद-पेन्सिल आणि थोडे फासे पुरतात.

खेळ साधा आहे. एकजण गेम मास्टर होतो. तो प्रसंग सांगतो आणि विचारतो, “आता तुम्ही काय करता?” बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीनं उत्तर देतात. पात्र जे करू पाहतं ते जमेल की नाही याची शंका असली, तर वीस बाजूंचा फासा पडतो. प्रत्येक बाजूला पाच टक्के. बारा किंवा जास्त हवे असतील तर जमण्याची शक्यता पंचेचाळीस टक्के. पात्राच्या अंगात ते कसब असेल आणि तीन गुण वर मिळत असतील, तर साठ. पटावर सोंगट्या असल्या तरी चालतं, नसल्या तरी चालतं. खरा डाव बोलण्यात असतो.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आणला, तेव्हा पहिल्या छपाईच्या हजारच प्रती होत्या. पण त्याआधी, १९६९ मध्ये, मिनेसोटातल्या डेव्हिड वेस्ली यांनी नेपोलियनच्या काळातल्या ब्राउनस्टाइन नावाच्या गावावर एक युद्धखेळ बेतला होता. त्यांनी सैन्याच्या सेनापतींबरोबर गावातल्या इतरांच्याही भूमिका वाटून दिल्या. लढाई सुरू होण्याआधीच खेळाडू आपापसांत गाठीभेटी घेऊ लागले, सौदे करू लागले, कट रचू लागले. डाव हाताबाहेर गेला, फसला, असं वेस्लींना वाटलं. खेळाडूंनी मात्र तो पुन्हा मागितला. मला हा सगळा इतिहास त्या एका डावात दिसतो. माणसाला दुसऱ्या कुणाच्या तोंडून बोलायला मिळालं की तो लढाई विसरतो.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. गगनबावड्याचा घाट उतरून सिंधुदुर्गात गेलं, की हिवाळ्यातल्या जत्रांत दशावतार उभा असतो. संवादांची लिखित संहिता नसते. कुठलं आख्यान लावायचं, कोण कुठला राजा आणि कोण राक्षस, एवढं ठरतं आणि नट रंगमंचावर जाऊन समोरच्याच्या वाक्यावर आपलं वाक्य चढवतात. तमाशातली बतावणीही अशीच हजरजबाबीपणावर उभी राहिली. गेम मास्टरची जी तयारी लागते ती नेमकी हीच: आख्यान पक्कं, संवाद मोकळे. पुढचं वाक्य आधीच लिहून आलेला गेम मास्टर खेळाडूंना श्रोते करून टाकतो, आणि नुसतं ऐकत बसायला कुणी रात्र जागवत नाही.

नाताळचे तयार वन-शॉट पुष्कळ मिळतात. सांताचा कारखाना, हरवलेलं रेनडिअर, बर्फाचं वादळ. मुलांसाठी ठीक आहेत. पण आपल्या टेबलावर कुणीच बर्फ तुडवलेला नसतो. गेम मास्टर थंडी सांगतो आणि ऐकणारे सिनेमा आठवतात. नाताळ मात्र कोल्हापुरात नवा नाही. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली इथं आले. त्यांचं नाव वायल्डर मेमोरियल चर्चच्या रूपानं शहरात आहे. डिसेंबरात ख्रिस्ती घरांवर चांदण्या लागतात, कॅरलवाले दारोदारी फिरतात, गव्हाणीचा देखावा मांडला जातो. आणि त्याच आठवड्यात, शहराबाहेर, साखर कारखान्यांचा गळीत हंगाम भरात असतो.

म्हणून मला वाटतं, कोल्हापूरच्या नाताळ-डावाची गोष्ट उसाच्या फडातच आहे. ल्यूकच्या शुभवर्तमानात एक जोडपं सरकारी नोंदणीसाठी लांबचा प्रवास करतं, बाई दिवसांत आलेली, उतारशाळेत जागा नाही. मराठवाड्यातून, बीडकडून, दरवर्षी जोडपी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ऊसतोडीला येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. ती कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात, आणि पोटुशी बाईसुद्धा मोळ्या वाहते. ही जुळणी ओढूनताणून करावी लागत नाही. डोळ्यांसमोरच आहे.

डावाची मांडणी अशी. २४ डिसेंबरची रात्र, प्रयाग चिखलीजवळचा फड, पंचगंगेवर धुकं. ऊसतोडीला आलेल्या एका बाईला कळा सुरू होणार अशी चिन्हं आहेत आणि बैलांची टायरगाडी जोडून शिवाजी पुलावरून शहर गाठायचं आहे. पात्रं पाच, आधीच लिहून ठेवलेली, कारण एका रात्रीच्या डावात पात्र घडवण्यात तास घालवणं परवडत नाही: कोयत्यातली बाई, तिचा नवरा, ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा स्लिप बॉय, आंबेवाडीच्या बाजूच्या गुऱ्हाळाचा गुळव्या आणि कॅरलच्या चमूतून मागं राहिलेली, नर्सिंग शिकणारी एक मुलगी. प्रत्येकाच्या कागदावर तीनच गोष्टी हव्यात: काय जमतं, कशाची भीती आहे आणि आज रात्री काय गमावण्यासारखं आहे.

टेबलाच्या मध्ये सहा कवड्या उपड्या मांडायच्या. वाटेत उशीर झाला, की गेम मास्टर एक कवडी उताणी करतो. सहाव्या कवडीला बाळंतपण सुरू होतं, गाडी असेल तिथं. घड्याळ दाखवून जी घाई येत नाही ती या कवड्यांनी येते. तिसरी उलटली की खेळाडूंची वाक्यं आपोआप आखूड होतात.

अडथळे तीनच ठेवावेत, चार तासांत त्याहून जास्त नीट खेळून होत नाहीत. पहिला मुकादम, जो उचल फिटल्याशिवाय गाडी हलू देत नाही. फासा वाईट पडला तर तो नाही म्हणून मोकळा होतो, असं करू नये. तो हो म्हणतो, पण बदल्यात एक बैल ठेवून घेतो किंवा नवऱ्याला रात्रीच्या तोडीला थांबवतो. फासा कसाही पडला तरी गोष्ट पुढं सरकलीच पाहिजे, वाईट पडला तर किंमत मोजून. हा नियम ज्याला कळला त्याला गेम मास्टरचं अर्धं काम कळलं. दुसरा अडथळा वाटेतल्या, आसरा न देणाऱ्या बंद दारांचा. इथं फासा शक्यतो टाकूच नये, खेळाडूंना बोलू द्यावं.

तिसरा गुऱ्हाळाचा, आणि माझ्या मते डावाचं काळीज इथं आहे. काहिलीत आदण चढलंय, चुलवाण पेटलंय, चिपाडाची ऊब आहे, बाईला टेकायला जागा आहे. पण रस गुळाला येत असताना गुळव्यानं नजर काढली तर आदण करपतं, आणि तो गूळ मालकाचा आहे. त्याची मदत हवी तर त्याला काहीतरी करपू द्यावं लागेल. काय ते गुळव्या खेळणाऱ्यानं ठरवायचं. गेम मास्टरनं त्या वेळी गप्प बसावं, टेबलावर शांतता पसरली तरी.

बाळंतपण हा नाजूक विषय आहे. कुणाच्या घरी काय घडलंय हे आपल्याला माहीत नसतं. जॉन स्टाव्ह्रोपोलस यांनी रूढ केलेलं ‘एक्स कार्ड’ यासाठीच असतं: फुली काढलेला कागद टेबलावर ठेवायचा, नको वाटलं की त्याला बोट लावायचं, आणि कारण न विचारता तो भाग वगळून पुढं जायचं. ते सुरुवातीलाच सांगावं. येशूजन्माची टिंगल होईल असं काही घालू नये, आणि जन्मणाऱ्या बाळाला चमत्कार चिकटवू नयेत. ते कोयत्याचं मूल आहे, तेवढं पुरे.

एका बाबतीत मी हटून बसतो. ती बाई गेम मास्टरच्या ताब्यात असता कामा नये. तसं झालं की ती गाडीतलं सामान होते आणि बाकीचे चौघं तिला वाचवणारे शूर. तिचा कागद टेबलावरच्या खेळाडूकडेच हवा, जमल्यास सगळ्यात अनुभवी खेळाडूकडे. तिला या फडाची वाट पाठ आहे, मुकादमाचा हिशेब तोंडपाठ आहे, आधीची दोन बाळंतपणं झाली आहेत. कुठं थांबायचं, कुणाचं दार ठोठावायचं, कुणावर विश्वास ठेवायचा, याबाबत शेवटचा शब्द नियमानंच तिचा. आणि तिच्या कागदावर नावाची जागा कोरी सोडायची. ते तिला खेळणाऱ्यानं पहिल्या पाच मिनिटांत ठरवायचं आणि सगळ्यांनी रात्रभर तिला त्याच नावानं हाक मारायची.