टाकण्याआधी एकदा वाचा

घर सजवायचे म्हटले की आपल्याला वाटते, त्याला पैसा लागतो. जत्रेत रंगीत प्लॅस्टिकची फुले दिसतात, चकचकीत तोरणे दिसतात. हात खिशाकडे जातो. वर्ष संपते न संपते तोच त्यांचा रंग उडतो. मग ती फुले उकिरड्यावर जातात, आणि पैसे तर आधीच गेलेले असतात.

आपल्या आयाबाया मात्र बाजाराकडे न पाहता घर सजवीत आल्या. फाटलेल्या लुगड्याची गोधडी झाली. चिंध्यांचे तोरण झाले. रद्दी कागदाची टोपली झाली. टाकायच्या वस्तूला हात लागला की ती घरची शोभा होते. ते कसे करावयाचे, हे आज सांगतो. पण त्याआधी माझ्या घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे.

१९६९ सालची ही गोष्ट. मी तेव्हा तिसरीत होतो. माझी आई कागदाच्या टोपल्या फार सुरेख करी. चैत्रात ऊन तापले की घरातली सारी रद्दी ती हंड्यात भिजत घाली. माझ्या जुन्या वह्या, दुकानातल्या पुड्यांचे कागद, जे मिळेल ते. त्या वर्षी कोनाड्यातली कागदांची एक चवडही तिने भिजवली. आईला अक्षरओळख नव्हती. तिला सगळे कागद सारखेच.

त्या चवडीत वडिलांची पावती होती. त्यांनी बियाणासाठी एकशेदहा रुपये कर्ज काढले होते आणि सुगीनंतर ते फेडले होते. त्या फेडीची ती पावती. पुढे आषाढात वसुलीचा माणूस दारात आला. म्हणाला, "वहीत नोंद नाही. पावती असली तर दाखवा."

वडील कोनाड्याकडे गेले. कोनाडा रिकामा होता.

आई म्हणाली, "आवो, ती कागदं तर मी टोपलीला घेतली की!"

वडिलांनी सहा महिने हेलपाटे घातले. उपयोग झाला नाही. शेवटी एक कालवड विकून पैसे पुन्हा भरले. वडील आईला एका शब्दाने बोलले नाहीत. पण आईने त्यानंतर टोपली कधी केली नाही.

ती शेवटची टोपली अजून माझ्या घरी आहे. तिच्या भिंतीत कुठे तरी ती पावती आहे. टोपली चांगली टणक आहे. आईच्या हाताला दोष नव्हता. तिला कोणी वाचायला शिकवले नाही, एवढेच. तुम्ही आता वाचू लागला आहात. म्हणून ही गोष्ट तुम्हाला सांगितली.

आता टोपली कशी करावयाची ते पाहू.

कागदाची टोपली

आधी कागद निवडा. एकेक कागद हातात घ्या आणि वाचा. सातबाऱ्याचा उतारा, रेशनकार्ड, कर्जाची वा भरण्याची पावती, बँकेचे पुस्तक, मुलाचा शाळेचा दाखला, दवाखान्याचा कागद, यांतले काही दिसले तर ते वेगळे काढा आणि पेटीत ठेवा. वाचून कळले नाही तर तो कागद भिजवू नका. घरातल्या शिकत्या मुलाला दाखवा. चकचकीत कागदही घेऊ नका. तो नीट भिजत नाही.

उरलेल्या कागदांचे बारीक तुकडे करा आणि पाण्यात घाला. तीन-चार दिवस भिजू द्या. रोज पाणी बदला, म्हणजे वास येणार नाही. मग तो कागद उखळात कुटा किंवा हाताने चांगला मळा. त्याचा मऊ लगदा होईल. तो पिळून पाणी काढा.

आदल्या रात्री मेथी भिजत घाला. सकाळी ती पाट्यावर वाटा. वाटलेली मेथी बुळबुळीत आणि चिकट होते. तीच आपला डिंक. दोन तांबे भरतील एवढ्या लगद्याला एक वाटी मेथी पुरे. दोन्ही एकत्र करून कणकेसारखे मळा. मेथी कडू असल्यामुळे कीडही सहसा लागत नाही.

आता एक पातेले पालथे घाला. त्यावर ओले फडके पसरा. फडके नसले तर टोपली पातेल्याला चिकटून बसते. फडक्यावर लगदा थापा. जाडी अर्ध्या बोटाएवढी आणि सगळीकडे सारखी असावी. कुठे जाड, कुठे पातळ झाले तर वाळताना तडा जातो. ओल्या हाताने वरून गुळगुळीत करा.

पहिला दिवस सावलीत ठेवा. दुसऱ्या दिवसापासून ऊन द्या. तीन-चार दिवसांनी टोपली सुटी होईल. मग आतून ऊन द्या. पावसाळ्यात हा उद्योग करू नका. लगदा वाळत नाही, त्याला बुरशी येते.

काश्मीरचे कारागीर अशाच कागदाच्या लगद्यापासून डबे आणि फुलदाण्या करतात. त्यावर रंगीत वेलबुट्टी काढतात. त्या वस्तू परदेशातही जातात. त्यांचा कच्चा माल आपल्या उखळातलाच आहे.

टोपली वाळली की तिला गेरूचा हात द्या. गेरूत थोडे बाभळीच्या डिंकाचे पाणी घाला, म्हणजे तो हाताला लागणार नाही. गेरू वाळल्यावर तांदळाच्या पिठाची पातळ पेस्ट करून काडीने चित्र काढा. तिच्यातही थोडा डिंक घाला. पालघर जिल्ह्यातील वारली बाया लग्नघराच्या भिंती अशाच सजवीत आल्या आहेत. लाल भिंत, तांदळाचे पांढरे पीठ आणि बांबूची काडी, एवढेच त्यांचे सामान. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि कापडावर नेली. २०११ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. तेव्हा आपल्या घरच्या गेरूला कमी लेखू नका.

या टोपलीत बांगड्या, सुईदोरा, पेन, चष्मा ठेवा. भाकरी, पीठ किंवा चटणी मात्र ठेवू नका. छापील कागदातील शाई अन्नाला लागणे चांगले नाही. टोपली पाण्यापासूनही जपा.

चिंध्यांचे तोरण

आपल्या दाराची चौकट साधारण तीन फूट, म्हणजे चार विती रुंद असते. तिच्यासाठी कापडाचे सात तुकडे लागतील. प्रत्येक तुकडा एक वीत लांब आणि एक वीत रुंद, असा चौकोनी कापा. तुकडे निरनिराळ्या रंगांचे असले तर अधिक चांगले. एक लाल, एक पिवळा, एक हिरवा, असे घ्या.

तुकड्याचे एक टोक समोरच्या टोकावर आणून घडी घाला. त्रिकोण झाला. तो पुन्हा मधोमध दुमडा. लहान त्रिकोण झाला. कापडाच्या कापलेल्या साऱ्या कडा आता एकाच बाजूला आल्या आहेत. ती बाजू वर ठेवा, टोक खाली सोडा.

सातही त्रिकोण एका ओळीत मांडा. पहिल्याच्या अर्ध्यावर दुसरा, दुसऱ्याच्या अर्ध्यावर तिसरा, असे चढवत जा. ओळ बरोबर चार विती भरेल. मग जुन्या लुगड्याचा चार बोटे रुंद काठ घ्या. तो लांबीला चौकटीपेक्षा थोडा जास्त असावा. काठ उभा दुमडून त्यात त्रिकोणांच्या कडा दाबून बसवा आणि धावदोरा घाला. कापलेली कड आत लपते, म्हणून तोरण उसवत नाही. दोन्ही टोकांना काठाचे फासे करून खिळ्याला अडकवा. मळले तर धुऊन पुन्हा बांधा.

आजीच्या लुगड्याचा काठ, बाळाच्या कुंचीचा तुकडा, लेकीच्या परकराचा तुकडा, असे एका तोरणात येऊ द्या. बाजारच्या तोरणात ही माणसे नसतात. एक जपा. तोरण चुलीजवळ किंवा दिव्यावर बांधू नका. हल्लीचे पुष्कळ कापड नायलॉनसारखे असते. ते जळताना वितळते आणि अंगाला चिकटते.

डब्यातली तुळस

खाद्यतेलाचा रिकामा पत्र्याचा डबा फार कामाचा. वरची कापलेली कड हातोडीने आत वळवून ठोका, म्हणजे मुलांचे हात कापणार नाहीत. बुडाला खिळ्याने पाच-सहा भोके पाडा. भोकांवर खापऱ्या ठेवा. मग माती आणि शेणखत भरा. बाहेरून ऑइलपेंटचा हात द्या. त्यात तुळस लावा, झेंडू लावा. अंगण हसू लागेल. भोके पाडायला विसरू नका. डेंगीचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो.

आता सर्वांत महत्त्वाचे ऐका. पिकावर फवारायच्या औषधाचे डबे आणि बाटल्या दिसायला फार छान असतात. रंग चांगला, झाकण घट्ट. कोणी म्हणतो, "राखेने घासला की झालं. पाण्याला होईल, नाही तर झाड लावू." मंडळी, असे कधीही करू नका. ते विष प्लॅस्टिकमध्ये मुरते. घासून, उकळून ते पुरते जात नाही. आज झाडाला ठेवलेला डबा उद्या मूल पाणी प्यायला घेते.

अशा डब्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन छापलेला असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग पाहा. लाल म्हणजे सर्वांत जहाल विष. त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा असला तरी ते विषच आहे, हे विसरू नका. रंगाबरोबर अक्षरेही वाचा.

कीटकनाशकांचा कायदा १९६८ साली झाला. त्याचे नियम १९७१ साली आले. रिकामे डबे कोणी पुन्हा वापरू नयेत म्हणून ते फोडावेत आणि वस्तीपासून दूर पुरावेत, असे ते नियम सांगतात. फवारणीच्या वेळीच डबा तीनदा विसळा आणि ते पाणी पंपातच ओता. मग डब्याला भोके पाडून तो निकामी करा. चुलीत जाळू नका, धूरही विषारी असतो. कोठे पुरावा किंवा कोणाकडे द्यावा, ते आपल्या भागातील कृषी विभागाच्या माणसाला विचारा.

तर बंधुभगिनींनो, काही वस्तू टाकाऊ दिसतात पण ठेवण्याजोग्या असतात. काही वस्तू छान दिसतात पण टाकाव्याच लागतात. कोणती कोणती हे डोळ्यांना दिसत नाही. ते अक्षरांना ठाऊक असते.

आज घरी गेल्यावर एवढे करा. कोनाड्यातली कागदांची चवड खाली काढा. एकेक कागद वाचा. जपायचे कागद पेटीत ठेवा. राहिलेले भिजत घाला आणि मोठी टोपली करा. टोपली झाली की तिच्यावर काडीने आपले नाव लिहा.

माझ्या आईच्या टोपलीवर तिचे नाव नाही. तुमच्या टोपलीवर तुमचे असू द्या.