अधिशोषण : संज्ञा आणि प्रक्रिया

अहिवाऱ्याजवळील नंदिनी खाणीतला चुनखडक भिलाईच्या झोतभट्ट्यांत वापरला गेला. धातुकातील सिलिका धातुमळीच्या रूपाने निराळी करणे हे त्याचे कार्य. पाण्यात विरघळलेला औषधांश मात्र चुन्याने निवळवलेल्या पाण्यातही बहुधा तसाच राहतो. हैदराबादनजीक पाटणचेरू येथील प्रक्रियाकेंद्रातून सोडलेल्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन आढळल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. अशा पाण्यात प्रतिजैविकांना न जुमानणारे जीवाणू फोफावतात. हा अंश काढण्यास सक्रियित कोळसा उपयोगी पडतो. ‘शोषणा’त द्रव्य आत मुरते, ‘अधिशोषणा’त, ‘अधि’ या उपसर्गाने सुचविल्याप्रमाणे, औषधाचे रेणू कोळशाच्या सूक्ष्म रंध्रांच्या पृष्ठभागावर धरले जातात. तेथे ते नष्ट होत नाहीत. म्हणून वापरलेला कोळसा उच्च तापमानास तापविल्यावाचून शुद्धीकरण पुरे झाले, असे म्हणता येत नाही.