परवान्याचे पाठबळ

लेखमाला : पडद्यावरील गुन्हा
लेखांक सहावा

गेल्या लेखांकात आपण 'स्कॅम १९९२' या मालिकेचा परामर्श घेतला, आणि बँकांच्या परस्परव्यवहारातील एका पावतीच्या आधारावर शेअर बाजारात केवढा डोलारा उभा राहिला, हे पाहिले. हन्सल मेहता यांच्याच देखरेखीखाली तयार झालेली आणि तुषार हिरानंदानी यांनी दिग्दर्शित केलेली तिची पुढील मालिका, 'स्कॅम २००३', ही सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली व त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिचा उत्तरार्ध आला. पत्रकार संजय सिंह यांच्या पुस्तकावर ती आधारलेली असून तिचा विषय आहे अब्दुल करीम तेलगी आणि त्याने घडवून आणलेला मुद्रांकांचा घोटाळा. हा विषय महाराष्ट्राच्या अगदी घरचा आहे. कारण तेलगी जन्माने सीमाभागातील खानापूरचा, त्याचा कारभार मुंबईतील कोटाच्या पेठेत, त्याने हस्तगत केलेली यंत्रसामग्री नाशिकरोडची, आणि त्याला मोठी शिक्षा झाली ती पुण्याच्या न्यायालयात. तथापि या मालिकेचे मर्म समजून घ्यावयाचे असेल तर प्रथम हिंगोलीस यावे लागते, आणि तेही सुमारे दोनशे वर्षे मागे जाऊन.

रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावे हिंगोली शहरात आजही लोकांच्या तोंडी आहेत. निजामाच्या पदरच्या, परंतु इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीखालील फौजेची छावणी येथे होती, आणि जेथे छावणी तेथे बाजार, जेथे बाजार तेथे दूरदूरचे सावकार, बजाज आणि मालवाहू बैलांचे तांडे, हा त्या काळचा रिवाजच होता. निजामाच्या नोकरीत असलेला फिलिप मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी या छावणीत वावरला, आणि १८३९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीच्या प्रस्तावनेत त्याने हिंगोलीची एक हकिकत नमूद करून ठेविली. कादंबरीचा नायक अमीर अली याची कहाणी जगभर गाजली. प्रस्तावनेतील ही हकिकत मात्र, माझ्या मते साऱ्या कादंबरीहून अधिक विचार करावयास लावणारी असूनही, क्वचितच कोणी वाचतो.

हिंगोलीच्या बाजारात हरिसिंग नावाचा एक व्यापारी होता. तो प्रतिष्ठित होता, त्याची ऊठबस चांगल्या लोकांत होती, आणि छावणीतील इंग्रज अधिकारी त्याच्याशी नित्य देवघेव करीत. खुद्द टेलरही त्यांतला एक होता. एकदा या हरिसिंगाने जिल्ह्याचा मुलकी कारभार पाहणारे कॅप्टन रेनॉल्ड्स यांच्याकडे अर्ज केला की, मुंबईहून आपले काही कापड यावयाचे आहे, त्यासाठी परवाना मिळावा. परवाना मिळाला. वस्तुतः ते कापड त्याचे नव्हतेच. हिंगोलीपासून फार दूर नसलेल्या एका गावचा व्यापारी तो माल घेऊन स्वतः वाटेवर होता, ही बातमी हरिसिंगास आधीच लागलेली होती. त्याने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्या गड्यांना वाटेत ठार केले, सरकारी परवाना दाखवीत माल बिनदिक्कत हिंगोलीस आणला आणि छावणीच्या भर बाजारात उघडपणे विकला. पुढे पकडला गेल्यावर त्याने आपल्या तोंडाने हे सांगितले म्हणून ते उघडकीस आले. एरव्ही ते कायमचे झाकलेलेच राहिले असते, असे टेलर लिहितो. हरिसिंग आणि त्याची टोळी यांनी छावणीच्या मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत माणसे मारली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर, नदीस मिळणाऱ्या एका अरुंद कोरड्या ओढ्यात, ती पुरली. माफीच्या साक्षीदारांनी ती जागा एकेक करून दाखविली, प्रेते निघत गेली, आणि पाहणाऱ्यांना इतकी शिसारी आली की अखेरीस त्यांनी खोदकाम थांबविले.

हरिसिंगासारख्या, वाटसरूंना मारून लुटणाऱ्या ठगांविषयीचे तत्कालीन इंग्रजी लिखाण पारखून घ्यावे लागते, हे मी जाणतो. ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी स्लीमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ठगांचा एक गूढ धर्मपंथ म्हणून जे चित्र रंगविले, त्याविषयी पुढील इतिहासकारांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर उभारलेले खटले आणि १८३६ चा ठगीविरोधी कायदा यांतून कंपनी सरकारला स्वतःचा अधिकार वाढवावयाचा होता, हेही खरे. परंतु हिंगोलीच्या हकिकतीत देवीचा कौल नाही, शकुन नाहीत, रुमालाचे वर्णनही नाही. तिच्यात आहे फक्त एक अर्ज, एक परवाना आणि एक विश्वासू समजला गेलेला माणूस. आणि जी गोष्ट सांगितल्याने सांगणाऱ्याच्याच वर्गाची फजिती होते, ती त्याने पदरची रचली असेल असे मानावयास कारण दिसत नाही.

या हकिकतीत जो क्रम आहे त्याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. आधी दरोडा आणि मग तो लपविण्यासाठी खोटा कागद, असा तो नाही. आधी अस्सल सरकारी कागद, आणि मग त्याच्या आडोशाने दरोडा, असा आहे. परवाना खरा होता, त्यावरील सही खरी होती, शिक्काही खरा होता. खोटा होता तो केवळ मालाशी असलेला मालकाचा संबंध, आणि तो तपासण्याची तसदी कोणी घेतली नाही, कारण अर्जदार नित्याच्या ओळखीचा होता. वंचकाचे भांडवल त्याच्या चातुर्यात असते असे आपण समजतो. ते असते राज्ययंत्रणेने त्याच्या हाती आपण होऊन दिलेल्या एका अस्सल दस्तऐवजात.

आता तेलगीकडे वळू. १९६१ साली जन्मलेला हा मुलगा, वडील रेल्वेतील नोकर, ते लवकर वारल्यामुळे गाडीत फळे-भाजी विकून शिकलेला, बेळगावास वाणिज्य शाखेची पदवी घेतलेला. काही काळ सौदी अरेबियात राहून तो मुंबईस परतला आणि परदेशी मजूर पाठविण्याच्या धंद्यात बनावट कागदपत्रांपायी तुरुंगातही जाऊन आला. असा पूर्वेतिहास असलेल्या इसमास १९९४ साली मुद्रांकविक्रीचा परवाना मिळाला! या एका वाक्यावर मालिकेने एक संपूर्ण भाग खर्ची घातला असता तरी मी तिला धन्यवाद दिले असते. अर्ज कोणाच्या मेजावर आला, चारित्र्याची पडताळणी कोणी केली, शेरा काय मारला गेला, हे प्रश्न पडद्यावर चटकदार दिसत नाहीत. परंतु घोटाळ्याची पायाभरणी तेथेच झाली. परवानाधारक विक्रेता म्हणून त्याने प्रथम खऱ्या मुद्रांकांत खोटे मिसळले, आणि मग खऱ्याची गरजच उरली नाही. देशातील मुद्रांक छापणाऱ्या नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयातील जी यंत्रे मोडीत काढावयाची, ती त्याच्या हाती लागली, आणि मुंबईच्या मिंट रोडवर त्याने आपला छापखाना थाटला. नोटा आणि मुद्रांक छापणाऱ्या यंत्राचे तुकडे करूनच ते भंगारात द्यावे, ही खबरदारी ज्यांनी घ्यावयाची त्यांनी ती घेतली नाही. त्यानंतर शेकडो माणसे नेमून बँका, विमा कंपन्या, शेअर दलालांच्या पेढ्या अशा घाऊक गिऱ्हाइकांना हा माल पोचविला गेला.

येथे एका गोष्टीचा उलगडा केला पाहिजे. कारण तो न झाल्याने पुष्कळ प्रेक्षकांना हा प्रकार इतकी वर्षे चाललाच कसा याचे कोडे पडते. खोटी नोट शंभर हातांतून फिरते, आणि त्यांतील प्रत्येक हात तिला चाचपून पाहतो. आज ना उद्या एखादा दुकानदार ती परत करतो. मुद्रांकाचे तसे नाही. त्यावर करार लिहिला, सह्या झाल्या, की तो दप्तरात बांधला जातो, आणि तंटा उद्भवून न्यायालयात दाखल होण्याची वेळ आली नाही तर वीस-तीस वर्षे त्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. शिवाय विकत घेणाऱ्याचे तत्काळ काहीच नुकसान होत नाही. त्याचे काम झालेले असते. नुकसान होते ते सरकारी खजिन्याचे, आणि खजिन्याच्या वतीने फिर्याद करणारा जो मुद्रांक विभागाचा अंमलदार, त्यालाच आपल्या खात्यातील विक्री का घटली याची चौकशी करावीशी वाटली नाही, तर फिर्यादी उरतोच कोण? ज्या गुन्ह्याला फिर्यादी नाही तो गुन्हा दीर्घायुषी होतो.

पुढील घटनाक्रम सर्वश्रुत आहे. तेलगीस नोव्हेंबर २००१ मध्ये अजमेर येथे अटक झाली; २००२ च्या जूनमध्ये पुण्यात बंडगार्डन पोलिसांच्या कारवाईने प्रकरणाला नवे वळण लागले; अण्णा हजारे न्यायालयात गेले; विशेष तपास पथकाने बड्या पोलीस अधिकाऱ्यांनाही अटक केली, आणि त्यांतील काहींना पुढे न्यायालयांनी मुक्तही केले; २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. जून २००७ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने तेलगीस तेरा वर्षांची सक्तमजुरी आणि २०२ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. २६ ऑक्टोबर २०१७ रोजी बंगळुरूच्या रुग्णालयात तो मरण पावला. वृत्तपत्रांनी वीस-तीस हजार कोटींचे आकडे छापले, आणि लोकांच्या स्मरणात तेवढे आकडेच राहिले.

मालिकेविषयी माझे मत स्पष्ट सांगतो. गगन देव रियार यांनी साकारलेला तेलगी हा अभिनयाचा उत्तम नमुना आहे. नंदू माधव, भरत जाधव, शशांक केतकर अशा आपल्या मराठी नटांचा सहभाग आणि किरण यज्ञोपवीत यांच्यासारख्या मराठी लेखकाचा हातभार यांमुळे तिच्यातील कचेऱ्या आणि पोलीस ठाणी परकी वाटत नाहीत. ती जेव्हा नाशिकच्या छापखान्यात आणि मंत्रालयाच्या आसपास रेंगाळते तेव्हा ती फार वरच्या दर्जाची आहे. जेव्हा ती डान्स बारमध्ये एका रात्रीत उधळलेल्या लाखांकडे टक लावून बसते, तेव्हा तिचा तोल जातो, आणि प्रेक्षकाला नकळत असे वाटू लागते की, हा मनुष्य अलौकिक होता म्हणून हे घडले. टेलरच्या कादंबरीत नेमकी हीच उणीव आहे. अमीर अली बोलत राहतो, आपण ऐकत राहतो, आणि परवाना देणारे टेबल दृष्टीआड होते.

त्याहून मोठी उणीव दुसरीच आहे, आणि ती मला मनापासून टोचते. हरिसिंगाचे नाव इतिहासात राहिले. कॅप्टन रेनॉल्ड्स यांचे राहिले. कापड घेऊन मुंबईहून निघालेल्या त्या व्यापाऱ्याचे नाव टेलरने दिलेले नाही, त्याच्या गड्यांचे तर नाहीच. आपल्याच मुलखातील कोण्या गावात त्यांची वाट पाहणारी घरे असतील. त्यांना काय कळले, कधी कळले, याची एक ओळही कोणी लिहिली नाही. मुद्रांकाच्या घोटाळ्यात रक्त सांडले नाही हे खरे, पण खजिन्यातून नाहीसा झालेला पैसा रस्त्यांचा, शाळांचा, पाटबंधाऱ्यांचाच होता, आणि ज्या तालुक्यांना तो पोचावयाचा ते मालिकेत कोठेही नाहीत.

आज मोठ्या रकमांचे मुद्रांकशुल्क बहुतांशी ऑनलाइन भरले जाते, आणि तेलगीचा तो मार्ग बव्हंशी बंद झाला आहे. परंतु लहान व्यवहारांचा कागद अजून कागदच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभर रुपयांच्या जागी किमान मुद्रांक पाचशे रुपयांचा झाला, म्हणजे चुकल्यास बसणारा भुर्दंडही वाढला. सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ, वसमत वा हिंगोली येथील तहसिलीच्या आवारात संमतिपत्र किंवा वाटणीपत्र करावयास जाणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे की, स्टँप हाती येताच तो उलटा करून पाहावा. अनुक्रमांक, विक्रीची तारीख, घेणाऱ्याचे पूर्ण नाव, प्रयोजन, विक्रेत्याची सही आणि त्याचा परवाना क्रमांक, एवढे सर्व तेथे असावयास हवे, आणि विक्रेत्याच्या नोंदवहीत आपली सही आपण स्वतः करावी. 'मागची तारीख टाकून देतो' असे कोणी सांगितल्यास तो कागद घेऊ नये. विक्रेता ओळखीचा असला तरी घेऊ नये.